खडेमिठातली लस

जून महिन्यातला पहिला रविवार. भाडं महिना साडेचार हजार, अनामत तीन महिन्यांची, विजेचं मीटर वेगळं. हजर चौघं: मी, माझी बायको, घरमालक आणि त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळी गल्ली अक्का म्हणायची. आमची मुलगी बायकोच्या मांडीवर झोपली होती. तिला मी हजर धरलेलं नाही. पैशांचं बोलणं पाच मिनिटांत आटपलं. मग मालकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं,

"पोरीला सगळ्या लसी झाल्या का?"

मला वाटलं, ओळख वाढवायला विचारतायत. म्हणालो, "झाल्यात की."

"कुठल्या कुठल्या?"

मला सांगता येईना. बायकोनं सांगितल्या. गोवराचा दुसरा डोस तेवढा राहिला होता. त्या वेळी मुलीला ताप होता म्हणून पुढं ढकलला, मग विसरलो.

"मग आधी तो घ्या, मग सामान आणा," मालक म्हणाले. "घर काय पळून जालालंय व्हय?"

मी हसलो. ते हसले नाहीत. अक्कांनी माझ्याकडं पाहून मान हलवली, म्हणजे हे असंच असतं, वाद घालू नका. आम्ही डोस घेतला आणि मग सामान आणलं. त्या घरात आम्ही नऊ वर्षं राहिलो. आता आमचं स्वतःचं घर आहे आणि मालक या जगात नाहीत. त्यांच्याबद्दल लोक पुष्कळ सांगतात, त्यातलं निम्मं वाढवून. मी जेवढं स्वतः पाहिलं-ऐकलं तेवढंच लिहितो.

पुढं घर, वर आमच्या दोन खोल्या आणि मागं पत्र्याच्या शेडमध्ये सोळा माग, अशी त्यांची सगळी दुनिया होती. काही मागांवर टॉवेल निघायचे, काहींवर चादरी. घरात तेलुगू, शेडमध्ये मराठी आणि सुताच्या व्यापाऱ्याशी दखनी, अशा तीन भाषा ते दिवसभर फिरवायचे. राग मात्र तेलुगूतच यायचा. अक्का त्यांना "एमंडी", म्हणजे अहो, अशी हाक मारायच्या आणि त्या हाकेच्या लांबीवरून पुढं काय येणार ते आम्हाला वर बसून कळायचं.

स्वतःच्या कारखान्याचा चांगला टॉवेल त्यांनी कधी अंगाला लावला नाही. "चांगला माल विकायला असतो, घरात वापरायला न्हाई," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं घरात सगळा चुकलेला माल. कुठं काठ सुटलेला, कुठं रंग फुटलेला. आम्ही राहायला गेलो त्या दिवशी अक्कांनी आम्हाला एक चादर भेट दिली. तिच्यावर मोर होता, पण मोराला डोकं नव्हतं. मुलीला तो फार आवडला. तिला बरेच दिवस वाटायचं, मोर असाच असतो.

लशींचं वेड कशामुळं ते कुणालाच माहीत नव्हतं. शेडमध्ये नवा कामगार आला की माग चालवता येतो का, हे नंतर. आधी, "डावा दंड दाखव." क्षयाच्या लशीचा वण तिथं असतो. त्याला ते ठप्पा म्हणायचे. चादरीवर कारखान्याचा ठप्पा असतो तसा. शेजारच्या घरी मुलगी बघायला पाहुणे आले, तेव्हा मालकही मोठे म्हणून बसले होते. चहा झाल्यावर त्यांनी नवऱ्या मुलाला शर्टाची बाही वर करायला सांगितली. मुलानं केली. त्याच्या आईला ते जन्मभर खटकलं असेल. लग्न मात्र जमलं.

मला ते 'बिलवाले' म्हणायचे, कारण मी वीजबिलांच्या कार्यालयात. वीज गेली की जिन्याखालून हाक यायची, "ओ बिलवाले, सोळा माग उभे हायत. तुमच्या सायबाला विचारा, मी आता हातानं विणू का?"

करोनाच्या साथीत गल्लीतले निम्मे लोक लस घ्यायला कचरत होते. मी घेतली होती, पण एक शंका मलाही होती. ज्यांनी घेतली त्यांनाही आजार होत होता. मी मालकांना विचारलं, "मग घेऊन उपयोग काय?"

 त्यांनी मला शेडमध्ये नेलं आणि मागाच्या बाजूच्या शिडीवर चढायला लावलं. वर जकार्डाची कार्डं टांगलेली असतात. पुठ्ठ्याच्या लांब पट्ट्या, त्यांना भोकं पाडलेली, आणि पट्ट्या एकीला एक ओवून केलेली माळ. उभ्या धाग्यांतला कुठला उचलायचा आणि कुठला सोडायचा, हे ती भोकं ठरवतात. पट्टी पुढं सरकते तसा चादरीवर मोर उमटत जातो.

"मोराचं कार्ड करायला मोर लागतो का, बिलवाले?"

"मोर बघायला तर लागणार."

"बघायला लागतो. पण जिवंत मोर शेडमध्ये सोडायला लागत न्हाई. चित्र पुरतं. लस म्हणजे चित्र. रोगाचा एखादा तुकडा, न्हाईतर मेलेला जंतू, न्हाईतर इख काढून घेतलेलं इख. शरीर ते बघतं आणि कार्ड पाडून ठेवतं. आता समजा खरा रोग आला. कार्ड नसलं तर? आधी चित्र काढा, मग भोकं पाडा, मग ओवा, मग मागावर चढवा. तवर गिऱ्हाईक कारखाना लुटून जातं. कार्ड तयार असलं तर सकाळी ऑर्डर, सांजच्याला चादर."

"पण आजार तर होतोच की."

"गिऱ्हाईक दारात येणारच. ते दारात आलं ह्याला तुमी आजार म्हणता. ते घरात किती शिरलं ते बघा की." मग कार्डांवरची धूळ त्यांनी टॉवेलनं झटकली. "आणि एक ध्यानात ठेवा. कार्डं जुनी होत्यात. उंदीर कुरतडतात, ओल लागती. म्हणून काही लसी परत परत दाखवायला लागत्यात. धनुर्वाताची तर नक्कीच. लहानपणी घेतली म्हणून म्हातारपणी चालत न्हाई."

पुढं मी हे एका डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, तपशिलात थोडं इकडं-तिकडं आहे, पण गाडी बरोबर रस्त्यावर आहे.

हे डॉक्टर म्हणजे मालकांचे जुने मित्र, दवाखाना बंद करून घरी बसलेले. साथ ओसरल्यानंतरच्या एका उन्हाळ्यात मालकांनी त्यांना गळ घातली. मागावर हात कापणं, पायात पत्रा घुसणं हे रोजचंच. सगळ्या कामगारांना धनुर्वाताची लस द्यायची. मोठी माणसं ती जखम झाल्यावरच घेतात, तर आपण आधीच देऊ. एका महिन्याच्या अंतरानं दोन सुया. खर्च मालकांचा, सुई डॉक्टरांची.

लस मालक आदल्या दिवशी औषधाच्या दुकानातून घेऊन आले. दुकानदारानं सांगितलं होतं, थंड ठेवा. आता सोलापूरचा वैशाख. दुपारी पत्र्याखाली उभं राहवत नाही. घरात फ्रिज होता, पण मालकांचा त्यावर विश्वास नव्हता. "रात्री लाइट गेली म्हणजे? तुमच्या हापिसावर सोडू का मी माणसांचा जीव?" ते मला म्हणाले.

मग त्यांनी पॉट काढला.

हा पॉट म्हणजे आइस्क्रीमचा. लाकडी बादली, आत पत्र्याचा डबा, वर फिरवायचा दांडा. मे महिन्यात दर रविवारी ते कामगारांसाठी पॉट आइस्क्रीम करायचे. दूध अक्कांनी आटवायचं, दांडा आळीपाळीनं सगळ्यांनी फिरवायचा, पण बर्फात खडेमीठ टाकायचं काम मालकांचं. त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मीठ किती, कधी आणि बादलीत कुठल्या बाजूनं, यावर ते गंभीरपणे बोलायचे. "नुसता बर्फ काय करतोय? गारवा मिठात हाय," असं म्हणायचे. आणि आइस्क्रीम खरोखर दगडासारखं व्हायचं.

त्या रात्री आइस्क्रीमच्या डब्यात लशीच्या बाटल्या ठेवल्या आणि बाहेर बर्फ व खडेमीठ भरलं. सकाळी बाटल्यांतलं औषध गोठून पांढरं झालं होतं. मालक खूश. गोठलं म्हणजे ताजं राहिलं. ओल्या टॉवेलवर बाटल्या मांडून ठेवल्या. डॉक्टर अकराच्या सुमारास आले, तोवर सगळं वितळलं होतं. मालकांनी पहिली सुई स्वतः घेतली. मग कामगार, मग कांड्या भरणाऱ्या बायका. सुताच्या कांड्या भरायला तेव्हा चौघीजणी होत्या. त्यांत रेणुका होती, पहिलटकरीण, सहावा महिना. तिचा नवरा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात. मालकांनी डॉक्टरांना खास सांगितलं, "हिला नीट द्या. ही सुई दोघांची हाय."

रेणुकानं विचारलं, "दोघांची कशी, मालक? टोचणार तर मलाच की."

"तू चादरी विणशील. त्या नाळेतून आत जातील. बाळाचा कारखाना सुरू व्हायला वेळ लागतो. तवर त्यानं आईच्या चादरी पांघरायच्या."

"आन् त्याच्या मोराला डोकं असंल का?" ती म्हणाली, आणि शेड हसली.

सरकारी दवाखान्यातली ताई गरोदर बायकांना हीच सुई देते. ती घरी आली तेव्हा रेणुकानं सांगितलं, माझी झाली, मालकांच्या शिबिरात घेतली.

महिन्यानं दुसरी सुई. या वेळी डॉक्टर सकाळी लवकर आले, ऊन व्हायच्या आत काम उरकावं म्हणून. मी सुट्टीवर होतो, खाली चहा घेत होतो. मालक बादलीपुढं उकिडवे बसून डब्यातून बाटल्या काढत होते.

"हे काय आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"लस. बघा कशी ठेवलीय. दगड."

डॉक्टरांनी बोटानं बर्फ चाखला. मग बाजूच्या पाटावर टेकले. "मागच्या वेळी पण असंच ठेवलं होतं?"

"असंच की," मालक अभिमानानं म्हणाले.

 डॉक्टरांनी आपल्या पिशवीतून त्याच लशीची एक बाटली काढली, कमी पडली तर म्हणून घरच्या फ्रिजमधून आणलेली. मालकांची एक बाटली हातात धरून वितळवली. दोन्ही एकदम हलवल्या आणि ओट्यावर शेजारी शेजारी ठेवल्या. डॉक्टरांची बाटली सारखी गढूळ राहिली. मालकांच्या बाटलीत थोड्या वेळानं कण दिसायला लागले, ते तळाला बसले आणि वर स्वच्छ पाणी उरलं.

मालक वाकून बघत होते. सुताला लावायची खळ ते स्वतः शिजवत. त्यांना कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

"फुटली," ते म्हणाले. "खळ फुटली."

"ही लस दोन ते आठ अंशांत ठेवायची असते," डॉक्टर म्हणाले. "उन्हानं बिघडते, पण गोठली तर त्याहून लवकर बिघडते. नुसत्या बर्फात कदाचित वाचली असती. मिठानं बर्फ शून्याच्या पार खाली उतरतो. म्हणून तर तुमचं आइस्क्रीम होतं."

"म्हणजे मागच्या खेपेला दिली ती..."

"अपाय काही नाही. पण उपयोग झाला असं धरता येणार नाही. चूक माझीही आहे. मी कुठं ठेवली होती ते विचारायला हवं होतं."

मालक उठले. अक्का दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "मग आज पहिली द्या आणि पुढच्या महिन्यात दुसरी. ताकदीची एक जादा सुई हाय म्हणायचं. कशाला बोंबाबोंब?"

हे मला त्या वेळी शहाणपणाचं वाटलं, हे लिहायला हवं. कुणाचं नुकसान नव्हतं. डॉक्टरांनीही हरकत घेतली नाही.

"आणि रेणुका?" मालकांनी विचारलं.

रेणुका शेडमध्ये नव्हती. सातव्यात डोहाळजेवण झालं आणि ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती, वैरागला. जाताना सांगून गेली होती, दुसरी सुई तिकडच्या दवाखान्यात घेते.

"ती तिथं सांगणार, माझी एक झालीय, दुसरी द्या," मालक म्हणाले. "ते एकच देतील. आणि तिचं कार्ड तर कोरं हाय. एका सुईवर काय पडणार?"

डॉक्टर म्हणाले, "पहिली सुई ओळख करून देते. खरी तयारी दुसरीनंतर होते. दुसरीनंतरही बाळंतपणाला निदान दोन आठवडे असावेत, म्हणजे बाळापर्यंत पोचतं."

मालक शेडमध्ये गेले. माग बंद करून त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. पॉट, मीठ, सगळं. आधी कुणाला कळेना. मग हशा झाला.

"म्हंजे मालक, आमाला इंजेक्शन दिलं का आइस्क्रीम?"

"या टायमाला काडीला लावून द्या की."

मालक ऐकत उभे राहिले. हशा संपल्यावर त्यांनी बाही वर केली आणि पहिली सुई पुन्हा स्वतः घेतली, डॉक्टरांच्या पिशवीतल्या बाटलीतली. बाकीच्यांसाठी डॉक्टरांनी आपल्या देखरेखीखाली नवी लस आणवली. एका म्हाताऱ्या विणकरानं मात्र दंड पुढं केला नाही. तो मालकांच्या वडिलांपासून तिथं होता.

"एकदा फसलो, बास झालं," तो म्हणाला.

"फसवलं न्हाई रे. चुकलो."

"दंडाला सारखंच दुखतंय, मालक."

 मालकांनी त्याला पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "वैरागला चला." मी म्हटलं, फोन करा. "असलं फोनवर सांगतात का?" एवढंच बोलले. आम्ही एसटीनं गेलो. एरवी एसटीत शेजारच्या माणसाचा दंड तपासल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. त्या दिवशी पूर्ण रस्ता खिडकीबाहेर बघत बसले.

रेणुकाच्या वडिलांचं छोटं भुसार दुकान होतं, मागं घर. मालक आलेले बघून त्यांनी लगबगीनं सतरंजी टाकली. मालक बसले नाहीत. उभ्यानंच सांगितलं. वडील ऐकत गेले तसा त्यांचा चेहरा बदलत गेला.

"तुमी डाक्टर हाय का?"

"न्हाई."

"मग कुणी सांगितलं हुतं तुमाला हे उद्योग करायला? सरकारी बाई दारात आली हुती पोरीच्या. फुकट देत हुती. पोरगी म्हणली, मालकांनी दिलीय. मालक म्हंजे द्येवच की तिचा! माझ्या पोरीला मिठाचं पाणी टोचलंत तुमी."

"व्हय," मालक म्हणाले.

"आन् तोंड वर करून सांगायला आलाय?"

"सांगितलं नसतं तर ती एकच सुई घेऊन बसली असती. म्हणून आलो."

रेणुका आतल्या दाराशी चौकट धरून उभी होती. तिनं विचारलं, "बाळाला काय झालं असंल का त्यानं?"

"त्या सुईनं काही होत न्हाई. वाईट न्हाई आणि चांगलंबी न्हाई. पण त्याच्या अंगावर अजून चादर न्हाई, पोरी."

"एवढं काय त्यात," वडील म्हणाले. "आमच्या येळंला कुठं हुत्या सुया? झालीच की पोरं."

तेव्हा मालक सतरंजीवर बसले. इतक्या वर्षांत जे आम्हाला कळलं नव्हतं ते त्यांनी त्या अनोळखी घरात सांगितलं, कुणाकडंही न बघता.

"आमची आई मागाशेजारीच बाळंत झाली. माझ्या पाठचा भाऊ. सूत कापायच्या पात्यानं नाळ कापली आणि वर मागाचं तेल लावलं. आमच्याकडं तेल म्हणजे औषध. पोरगं धडधाकट होतं. रडलं की मागाच्या आवाजात ऐकू यायचं. पाळणा हलवायचं काम माझं. मग एक दिवस ते प्यायचं थांबलं. आई म्हणाली, पोट भरलं असंल. दुसऱ्या दिवशी जबडाच उघडंना. आईचं दूध वाहून जायचं, आणि ते तोंड मिटून. कुणी मोठ्यानं बोललं, पाळण्याला हात लागला, की धनुष्यासारखं वाकायचं. म्हणून मला सांगितलं, पाळणा हलवू नको. माझं काम तेवढंच होतं, तेबी गेलं."

 रेणुकाच्या आईनं आतून पाण्याचा तांब्या आणून ठेवला. चहाचं कुणी विचारलं नाही.

रेणुका म्हणाली, "मालक, परत तुमच्या हातची कुठली गोष्ट मी घेणार न्हाई."

"नको घेऊ."

"दवाखान्यात जाऊन दोन्ही सुया घेते. पयली म्हणूनच सांगते."

"नाळेला कुणाला काही लावू देऊ नको. राख न्हाई, हळद न्हाई, तेल न्हाई. कोरडी ठेवायची."

"आता जावा," वडील म्हणाले.

तिनं दुसऱ्याच दिवशी पहिली सुई घेतली, हे तिच्या नवऱ्याकडून कळलं. महिन्यानं दुसरीही घेतली. पण बाळंतपण अपेक्षेआधीच झालं. डॉक्टरांनी सांगितलेले दोन आठवडे काही मिळाले नाहीत. मुलगा झाला. डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही, दवाखान्यात बाळंत झाली, स्वच्छ ब्लेडनं नाळ कापली. वैरागच्या पहिल्या सुईचाही काही उपयोग झालाच असणार.

"दवाखान्यातून घरी गेल्यावर?" मालकांनी विचारलं. "नाळ गळेपर्यंत घरात किती हात असतात, माहीत हाय का?"

त्या दिवसापासून ते रोज वैरागला फोन करायला लागले. फोन वडील उचलायचे. मालक एकच प्रश्न विचारायचे, "पितंय का?" वडील कधी "व्हय" म्हणायचे, कधी काही न बोलता बंद करायचे. मग पुढं उचलायचेच बंद झाले. घंटा वाजून वाजून थांबायची. मालकांचं जेवण कमी झालं. त्यांनी अंगाभोवती कुठला टॉवेल गुंडाळलाय याकडंही लक्ष राहिलं नाही. अक्का एकदा वर येऊन माझ्या बायकोला म्हणाल्या, "ह्यांना सांगा कुणीतरी. त्या पोराची आई तिथं हाय की. ती बघंल." पण सांगायला कुणी गेलं नाही.

रेणुकाच्या नवऱ्याला विचारलं तर तो म्हणायचा, सगळं बरं आहे. त्यावर मालकांचं समाधान होत नव्हतं. बरं आहे हे सगळेच म्हणतात. त्यांच्या घरीही तेच म्हणत होते.

मी एका सुट्टीच्या दिवशी भाडं द्यायला खाली गेलो. मालक शेडमध्ये होते. सोळाही माग चालू होते, शेजारच्या माणसाचं बोलणं कानाशी तोंड नेल्याशिवाय कळत नव्हतं. तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन थरथरला. त्यांनी नंबर पाहिला आणि कानाला लावला. काही ऐकू येईना. दुसरा कान हातानं दाबला. मग एकदम हात वर केला.

जवळचा माग थांबला. मग त्याच्या पलीकडचा. कामगारांना वाटलं कुणाचा हात सापडला की काय, म्हणून एकामागून एक सगळेच थांबत गेले. शेवटचा माग त्या म्हाताऱ्याचा. तोही थांबला आणि शेड इतकी गप्प झाली की पत्र्यावर पाखरू चालल्याचं कळत होतं.

"बोल पोरी," मालक म्हणाले.

फोनमधला आवाज आता आम्हा सगळ्यांना बारीकसा ऐकू येत होता. रेणुका म्हणाली, "वडलांनी फोन लपवून ठिवला हुता. आत्ता घावला. धरा जरा, त्याच्याजवळ नेते."

मालकांनी डोळे मिटले. फोनमधून काही वेळ नुसती खसखस. मग घाईघाईनं पिण्याचा आवाज, मधेच थांबून धापा टाकल्यासारखा, पुन्हा सुरू. भुकेल्या मुलाचा असतो तसा.

"ऐकू आलं का, मालक?" रेणुका विचारत होती. "मालक?"

 फोन कानाला घट्ट धरून मालक दोन मागांच्या मधल्या वाटेत खाली बसले. उशीर होत होता, ऑर्डर अर्धी राहिली होती. म्हातारा विणकर आपल्या मागाच्या बटणापाशी उभा होता. त्यानं मालकांकडं पाहिलं आणि बटणावरचा हात हळूच खाली घेतला.